मागचा शहाणा

आपली मराठी भाषा पायी चालणाऱ्या माणसांनी घडवली आहे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. नाहीतर आपल्या बोलण्यात इतक्या वाटा आणि इतके काटे कुठून आले असते? रोजची वाट आपल्या 'पायाखालची' असते. बिघडलेला मुलगा 'आडवाटेला' जातो. नकोसा पाहुणा गोड बोलून 'वाटेला' लावावा लागतो. सगळाच सत्यानाश झाला की 'वाट लागली' म्हणून आपण मोकळे होतो. कुणी आपल्या मार्गात आडवा आला, की तो 'वाटेतला काटा' किंवा 'मार्गातली धोंड' ठरतो. या साऱ्या पायी चालणाऱ्या शब्दांमध्ये मला सर्वांत आवडते ती एक म्हण: पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

शाळेतल्या मुलांना या म्हणीचा अर्थ पाठ असतो. पण अर्थ बाजूला ठेवून तिच्यातले चित्र जरा डोळ्यांपुढे आणून पाहा. पायवाट आहे. दोन माणसे एकामागून एक चालली आहेत. पुढच्याचा अंगठा दगडावर आपटतो, तो 'अगं आई गं!' म्हणून कळवळतो, आणि मागचा आपले पाऊल जरा उचलून टाकतो. बस, एवढेच. परंतु एवढे घडायलाही काही गोष्टी जमून याव्या लागतात. दोघे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर हवेत. पुढच्याची ठेच मागच्याला दिसायला हवी. आणि मुख्य म्हणजे, ती दिसल्यावर पाऊल आवरण्याइतका वेळ मागच्याच्या हाती हवा. माणूस काय किंवा बैलगाडी काय, एका सेकंदात जेमतेम मीटरभर पुढे सरकते. एवढ्या सावकाश जगात दगड हा नुसता दगड असतो. बैल स्वतःच त्याला वळसा घालतो, आणि धुरकऱ्याची डुलकीही मोडत नाही.

दगड तोच राहिला. जग मात्र धावू लागले. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. समोर काही तरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद सहज निघून जातो, म्हणजे वीस ते तीस मीटर तिथेच संपले. त्यापुढे चाके करकचून आवळली, तरी गाडी पुरती उभी राहायला आणखी पस्तीस-चाळीस मीटर लागतात, आणि तेही रस्ता कोरडा असेल तर. आता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून सभ्यपणे खाली केलेल्या आपल्या दिव्यांचा प्रकाश पोचतो तो पन्नास-साठ मीटरपर्यंत. हा हिशेब मांडायला गणिताचा प्राध्यापक लागत नाही. रात्री रस्त्यात पडलेला दगड जेव्हा आपल्याला दिसतो, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आमच्या वऱ्हाडातल्या रस्त्यावर दिवाळीच्या सुमारास काय काय पडलेले असते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगितले तर मौज वाटेल. माझी सासुरवाडी शेंदूरजनाघाटची. अमरावतीहून मोर्शी, मोर्शीहून वरूड आणि वरूडच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी शेंदूरजनाघाट. त्यापलीकडे मध्य प्रदेश. हा सारा मुलूख संत्र्यांचा. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलमे तयार करणाऱ्या तिथल्या रोपवाटिका दूरवर प्रसिद्ध आहेत. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे उतरू लागतात, आणि फांद्या भाराने मोडू नयेत म्हणून त्यांना लावलेले बांबूचे टेकू एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात हिंडू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मागे हातभर बाहेर आलेले हे बांबू! दोराची एक गाठ सैल झाली, की त्यातला एखादा मुकाट्याने रस्त्यावर उतरून झोप काढतो. कुठे संत्र्यांचे फुटके कॅरेट, कुठे ट्रकच्या टायरवरून उकललेली काळी साल. तिला अंधारात पाहिले तर साप पडला आहे असेच वाटावे. त्यातच सोयाबीन निघालेले असते. गुळगुळीत डांबरासारखे आयते खळे दुसरे कुठले? अर्ध्या रस्त्यात सोयाबीन वाळत घालायचे, आणि गाड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगड मांडायचे. संध्याकाळी सोयाबीन पोत्यात भरून घरी जाते. दगड घरी जात नाहीत.

पण या सर्वांहून मला विचार करायला लावतात ते बंद पडलेल्या ट्रकमागचे दगड. आपल्या देशातल्या मोटारवाल्यांची एक लेखी नसलेली भाषा आहे. ट्रक रस्त्यात बंद पडला, की क्लीनर खाली उतरतो, चाकाखाली दगड सरकवतो, मागे वीस-पंचवीस पावलांवर आणखी दोन-चार दगड मांडतो आणि जवळच्या कडुनिंबाची नाही तर पळसाची एक फांदी तोडून त्यांच्यात खोवतो. रस्त्याच्या मधोमध हिरवी फांदी याचा अर्थ 'पुढे गाडी उभी आहे, जपून या.' भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे पाहून आनंदच व्हावा. ज्याला अक्षरओळख नाही तोही हे वाक्य लिहू शकतो, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा कोणताही ड्रायव्हर ते वाचू शकतो. अलीकडे नव्या गाडीबरोबर चकाकणारा लाल त्रिकोण मिळतो, परंतु तो बहुतेकांच्या डिकीत वेष्टनासकट पडून राहतो, आणि फांदीचे राज्य अबाधित चालते.

खोट एवढीच, की हे वाक्य लिहिणारे पुष्कळ आणि पुसणारे थोडे. ट्रक दुरुस्त होतो, ड्रायव्हर घाईघाईने इंजिन सुरू करतो, क्लीनर धावत येऊन केबिनमध्ये चढतो आणि गाडी निघून जाते. दगड राहतात. फांदी सुकते. सावध राहा म्हणून सांगणारी खूणच आता घात करायला बसलेली असते. जे मागून येणाऱ्याच्या काळजीने मांडले, ते मागून येणाऱ्याच्याच चाकाखाली येते. मला तर वाटते की रस्त्यावर पडलेल्या बहुतेक वस्तूंची कथा हीच आहे. ती दुष्टपणाने टाकलेली नसते. कुणाचे तरी काम संपले, पण पुरते झाले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जिथे ना बैलगाडी, ना सोयाबीन, ना गुरेढोरे, अशा रस्त्यांवर तरी हे दुखणे नसेल, अशी एक समजूत होती. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. हा मार्ग आमच्या वाशीम जिल्ह्यातून जातो. २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मालेगाव आणि वनोजा टोलनाका यांच्या दरम्यान लोखंडी पत्र्याचा एक फलक या रस्त्यावर पडला. पहिल्या गाडीचे चाक त्यावरून गेले आणि फुटले. त्यामागच्या गाडीचेही फुटले, त्यामागच्याचेही. अशी पन्नासांहून अधिक वाहने एकाच पत्र्यावरून जाऊन पंक्चर झाली, आणि मुलाबाळांसह निघालेले प्रवासी डिसेंबरच्या थंडीत अंधाऱ्या रस्त्यावर खोळंबून राहिले.

ही बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती आपली म्हण. पुढच्यास ठेच लागली होती. एकाला नव्हे, पन्नासांना लागली होती. मागचा शहाणा का झाला नाही? तो मूर्ख होता म्हणून नव्हे. सेकंदाला ३३ मीटर धावणाऱ्याला पुढच्याची ठेच दिसतच नाही, आणि काचा लावून बसलेल्याला त्याचे 'आई गं' ऐकू येत नाही. म्हणीला जे जे हवे होते, ते सारे त्या रस्त्याने काढून घेतले होते. तिथे मागच्याचा शहाणपणा निरुपयोगी होता. उपयोग झाला असता तो फक्त पुढच्याच्या शहाणपणाचा.

त्याच मार्गावर सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ आणखी एक प्रकार घडला. रात्री काही गाड्यांची चाके फुटली, आणि रस्त्यात ओळीने ठोकलेल्या खिळ्यांची चित्रे सकाळपर्यंत घरोघरच्या मोबाईलवर पोचली. दरोडेखोरांनी सापळा लावला, असेच सर्वांना वाटले. खुलासा झाला तो निराळाच. ते खिळे नव्हते. काँक्रीटला गेलेल्या बारीक भेगांत रसायन भरण्यासाठी बसवलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या छोट्या नळ्या होत्या. म्हणजे इथेही दरोडेखोर नाही; दुरुस्ती करणारेच हात. ट्रकमागची फांदी आणि महामार्गावरची ती नळी यांच्यात, म्हटले तर, फारसा फरक नाही.

गेल्या दिवाळीत कॉलेजला सुट्टी लागल्यावर आम्ही शेंदूरजनाघाटला निघालो होतो. गाडी मी चालवत होतो. मागे सौभाग्यवती आणि आमची कन्या, आणि माझ्या शेजारी मामाजी, म्हणजे माझे सासरे. मामाजींची सत्तरी उलटली आहे. जन्म संत्र्याच्या मळ्यात गेलेला. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, आणि तेव्हापासून आपल्या नव्या डोळ्याची परीक्षा घेण्याचा त्यांना छंदच जडला होता. रस्त्याकडेची पाटी दिसली रे दिसली, की ते ती माझ्याआधी वाचून दाखवत.

मोर्शी मागे पडली आणि काळोख झाला. समोरून एक ट्रक डोळे दिपवत गेला, आणि तो जाताच मामाजी म्हणाले, "जवाईबापू, हळू. समोर गोटे हायेत."

मी वेग कमी केला. खरोखरच आमच्याच बाजूला तीन दगड होते, त्यांच्यात सुकलेली फांदी, आणि पलीकडे सांडलेल्या तेलाचा काळा डाग. ट्रक केव्हाच निघून गेला होता. दगडांना वळसा घालून मी गाडी डांबराखाली कडेला उतरवून उभी केली आणि चारी दिवे मिचकावते ठेवले.

"चला आता, निघू या," सौभाग्यवती म्हणाली. "आपण वाचलो ना! अंधार किती आहे, बाबा, उतरू नका."

मामाजींनी तोवर दार उघडले होते. "आपून वाचलो, खरं हाय," ते म्हणाले. "पन मांगून येनाऱ्याले काय मालूम, पोरी?"

सत्तरीच्या माणसाला अंधाऱ्या रस्त्यावर एकटे सोडणे शक्य नव्हते. मी लाल त्रिकोण काढून बराच मागे नेऊन ठेवला. कन्येला मोबाईलचा दिवा देऊन रस्त्यापासून दूर एका झाडाशी उभे केले, आणि मागून उजेड दिसताच ओरडायचे, असे बजावले. दोन लहान दगड मामाजींनीच लोटत कडेला नेले. तिसरा मोठा होता. त्याला एका बाजूने त्यांनी हात घातला, दुसऱ्या बाजूने मी. दगड उचलून चार पावले टाकतो न टाकतो, तोच झाडाखालून आवाज आला, "बाबा, गाडी! आबाजी, गाडी!"

त्या वेळी हातातला दगड टाकून पळावे असे वाटले नाही, असे मी म्हणणार नाही. पण दगडाचे दुसरे टोक मामाजींच्या हातात होते आणि ते सोडायला तयार नव्हते. आम्ही तसेच फरफटत डांबराच्या खाली उतरलो, दगड टाकला, आणि रिकाम्या कॅरेटचा एक ट्रक खडखडत आमच्या अंगावर वारा उडवून निघून गेला.

त्याच्या मागोमाग एक मोटरसायकल आली. तिचा दिवा इतका मिणमिणता, की तो रस्ता दाखवण्यासाठी आहे की आपण आहोत एवढे कळवण्यासाठी आहे, असा प्रश्न पडावा. गाडीवर एक तरुण, मागे नव्या साडीतली त्याची बायको, दोघांच्या मध्ये एक मूल आणि पुढे टाकीवर दुसरे. दिवाळीचे कुठेतरी निघाले असतील. दगड जिथे होता, नेमके त्याच जागेवरून ती गाडी गेली. टाकीवरच्या मुलाने कन्येच्या हातातल्या दिव्याकडे पाहून हात हलवला. मग मागचा तांबडा ठिपका बारीक होत होत वळणाआड गेला.

मामाजींनी धोतराला हात पुसले. "चला," ते म्हणाले, "घरी वाट पाहून राह्यले असन."

त्यांनी त्यावर आणखी काही भाष्य केले नाही, आणि घरी पोचल्यावर कुणाला सांगितलेही नाही. सांगण्यासारखे काही घडले आहे असे त्यांना वाटलेच नसावे. मी मात्र पुष्कळ दिवस त्या चौघांचा विचार करत होतो. त्यांना काहीच कळले नाही, कधी कळणारही नाही. झालेला अपघात बातमी होतो, त्याचा पंचनामा होतो, त्याच्यावर अग्रलेख येतात. टळलेला अपघात कुठेच नोंदला जात नाही. ज्याच्यावर उपकार झाला त्यालासुद्धा तो ठाऊक नसतो, आणि ज्याने केला त्याला आभार मिळण्याची सोय नसते. म्हणूनच की काय, असली कामे फार थोड्या लोकांना सुचतात.

मामाजींचे हे शहाणपण वेगवान महामार्गावर मात्र चालायचे नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथे उतरून रस्त्यावर पाय ठेवणे म्हणजे आपणच दगड होऊन उभे राहणे. तिथे गाडी कडेला सुरक्षित जागी घेऊन राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ किंवा पोलिसांच्या ११२ क्रमांकावर कळवावे, एवढेच शहाणपण. परंतु दोन मिनिटे खर्चून तो फोनही किती जण करतात? आपण निसटलो, की रस्ता आपल्यापुरता साफ झालेला असतो.

कायदा याबाबतीत अगदीच गप्प नाही. १८६० च्या दंड संहितेत २८३ वे कलम होते. आपल्या कृतीने वा आपल्या ताब्यातील वस्तूची व्यवस्था न लावल्याने सार्वजनिक रस्त्यात धोका किंवा अडथळा निर्माण करणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड. ते २०० रुपये दीडशेहून अधिक वर्षे तसेच राहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि तिच्या २८५ व्या कलमाने दंडाची मर्यादा ५,००० रुपयांवर नेली. चांगले झाले. पण अंधारात दगड सोडून गेलेल्या ट्रकचा नंबर कोण टिपणार? जून २०२२ मध्ये आमच्या अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. साडेचार दिवसांत एवढा रस्ता अंथरणारे हात आपल्याकडे आहेत. त्यावर पडलेला दगड उचलायला मात्र दोन हात मिळत नाहीत, ही आपली तऱ्हा.

आणि हे वऱ्हाडात घडावे, याचे विशेष वाईट वाटते. कारण याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये गाडगेबाबा जन्मले. अंगात चिंध्या, हातात खापराचे गाडगे आणि खराटा. बाबा कोणत्याही गावात शिरले की आधी रस्ते झाडायला लागत, कीर्तन संध्याकाळी. लोक कीर्तनाची आठवण ठेवतात. मला वाटते, खरे कीर्तन सकाळीच होऊन गेलेले असे, आणि ते ऐकण्यासाठी कान नव्हे, डोळे लागत. जो रस्ता ते झाडत, त्यावरून पुन्हा जाण्याचा योग त्यांना क्वचितच येई. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुक्काम पुढच्या गावी. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ वाटेतच त्यांनी देह ठेवला. आपण त्यांचे नाव विद्यापीठाला दिले, स्वच्छतेच्या मोहिमेला दिले. त्यांचा खराटा मात्र छायाचित्रात राहिला.

भाऊबीज आटोपून आम्ही अमरावतीला परत निघालो तेव्हा लख्ख ऊन होते. मोर्शीच्या अलीकडे ती जागा आली. तेलाचा डाग पुसट झाला होता. दोन लहान दगड गवतात कुठेतरी दिसेनासे झाले होते. मोठा मात्र झाडाच्या सावलीत जसाच्या तसा पडला होता, आणि त्यावर बसून एक बाई हातातली पिशवी मांडीवर धरून एसटीची वाट पाहत होती. हा दगड इथे कसा आला, असा प्रश्न तिच्या मनात येण्याचे काही कारण नव्हते. बसण्यासाठी तो चांगला रुंद होता.